अकरा कळ्यांचा गजरा

नांदेडच्या एखाद्या घरामागे भांडी घासायचा दगड असतो आणि त्याच्या उताराला मोगऱ्याचं एक झाड. त्याला वेगळं पाणी कुणी घालत नाही. विसळलेल्या भांड्यांचं पाणी वाहत त्याच्या आळ्यात जातं, तेवढ्यावर ते तग धरतं. वैशाखात पारा ४३-४४ वर गेलेला असतो, पत्रे तापलेले असतात, आणि दुपारी चारच्या सुमारास घरातली बाई झाडापाशी उकिडवी बसून कळ्या मोजते. अकरा भरतात. दोन देवाच्या. उरल्या नऊ. माळणारी डोकी चार : सासू, दोन सुना, एक शाळकरी पोरगी. नऊ कळ्यांत चार गजरे होत नाहीत हे सांगायला गणित यावं लागत नाही. तरी दिवेलागणीला चारही डोक्यांत काहीतरी माळलेलं असतं. कळीमागे कळी न लावता मध्ये मरव्याचा शेंडा घातलेला असतो, कुठे अबोलीची दोन फुलं, कुठे तुळशीची मंजिरी. शाळकरी पोरीच्या वाट्याला एकच कळी येते, पण ती अशी मध्यावर बसवलेली की पाहणाऱ्याला बाकीचा पाला दिसतच नाही.

या पुस्तकाचा विषय ती नऊ कळ्यांची कारागिरी आहे. घरच्या फुलांपासून घरच्याच माणसांसाठी केलेला गजरा, वेणी, सर, तुरा, मुंडावळ्या, डोहाळजेवणाचे फुलांचे दागिने या सगळ्याच्या अभ्यासाला अजून धड नाव नाही. पुष्परचना म्हणावं तर तो शब्द फुलदाणीला आणि स्पर्धेच्या टेबलाला जाऊन चिकटला. मी आपली ‘गुंफण’ म्हणते. माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. त्यामुळे मांजरेकाठची आणि गोदेकाठची अशा दोन्ही गाठी मला येतात, आणि दोन्हीकडच्या बायकांना माझी गाठ चुकीचीच वाटते. ज्यांच्या घरी एखादं झाड आणि एक सुई आहे, जे लोकजीवनाचा अभ्यास करतात, ज्यांना वनस्पतिशास्त्राच्या वर्गात फूल फक्त कापून दाखवलं गेलं, अशा सगळ्यांना इथे जागा आहे. आधीचं काही यायला हवं अशी अट नाही.

मराठीत फुलांवर कमी लिहिलं गेलं असं नाही. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आलं. शरदिनी डहाणूकरांचा ‘फुलवा’ कितीतरी घरांत आहे. झाडावरच्या फुलाकडे कसं पाहावं हे या बायकांनी आपल्याला शिकवलं. पण फूल झाडावरून उतरलं की लेखणी थबकते. त्यापुढचं काम बोटांचं, आणि बोटं लिहीत नाहीत. फुलांवर ग्रंथ झाले, दोऱ्यावर ओळ नाही. म्हणून माझा आग्रह असा की या अभ्यासाची सुरुवात गाठीपासून करावी. फूल कोणतं हे झाड ठरवतं, ऋतू ठरवतो. गाठ मात्र माणसाची असते. कोण कुठून आलं, कुणाकडून शिकलं, किती फुलांत भागवायची सवय होती, हे सगळं गाठीत उतरलेलं असतं.

अडचण एवढीच की गाठ उरत नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत केसांत माळलेली फुलं दिसतात, पाचव्या शतकातली. फुलं ओळखू येतात, अंबाडा ओळखू येतो. ती फुलं कशावर आणि कशी धरून ठेवली होती ते चित्रकाराने दाखवलेलं नाही, त्याला त्याची गरजही नव्हती. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ आपल्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, पैठणच्या मुलखात घडली असं मानतात; तिच्यातही फुलं आहेत, दोरा मला सापडला नाही. दगडाच्या मूर्ती टिकल्या, तांब्याचे पट टिकले, पैठण्यासुद्धा पेटीत राहिल्या. कालचा गजरा सकाळी तुळशीच्या आळ्यात जातो.

तरी जुन्यांनी काहीच सोडलं नाही असंही नाही. त्यांनी शब्द सोडले. वात्स्यायनाने ज्या ६४ कला मोजल्या त्यांत माल्यग्रथनविकल्प, म्हणजे माळा गुंफण्याचे नाना प्रकार, ही एक कला आहे. डोक्यावरचे शेखरक आणि आपीड बांधणं ही वेगळी कला आहे. दोन्हींना स्वतंत्र गुण दिलेत, जसे आपण शिवण आणि भरतकामाला देतो. अमरकोश याहून उपयोगी पडतो. तिथे माळेची वर्गवारी ती अंगावर कुठे बसते यावरून केली आहे. केसांच्या मध्ये बसते तो गर्भक. शेंडीवरून लोंबतं ते प्रभ्रष्टक. पुढे, कपाळाच्या अंगाला येतं ते ललामक. गळ्यातून सरळ खाली सुटतं ते प्रालंब, आणि छातीवर तिरकं टाकलेलं ते वैकक्षिक. माथ्यावरचे आपीड आणि शेखर. इतकी नावं ज्या भाषेत पडतात तिथे फुलं माळणं ही चैन नव्हती, रोजचा पेहराव होता, हे उघड आहे.

मराठीने नावं ठेवताना दुसरी वाट धरली. आपली नावं बहुधा घडणीची आहेत. एकेरी ओवला तो सर. दोऱ्याभोवती दाट गुंफला तो गजरा. पट्टीवर चपटी बसवली ती वेणी, मग ती घालणारीची स्वतःच्या केसांची वेणी असो नसो. काडीला बांधून उभा केला तो तुरा. मुंडावळ्या तेवढ्या अपवाद. त्यांच्या नावातच डोकं आहे. क्रियापदंही तपासण्यासारखी आहेत. पारिजातक ‘ओवतात’, मोगरा ‘गुंफतात’, शेवंती ‘बांधतात’, तोरण ‘करतात’. मोगरा ओवला म्हटलं की ऐकणाऱ्या बाईला कळतं, हिला गाठ येत नाही, हिने सुईवर काम भागवलंय. माझ्या सासरी हा शेरा बराच काळ मला उद्देशून होता.

आता समुद्रापलीकडच्या भावंडाविषयी थोडं. लग्नात किंवा समारंभात छातीवर टाचायच्या, नाहीतर मनगटाला बांधायच्या फुलांच्या छोट्या गुच्छाला पाश्चात्त्यांकडे कॉर्साज म्हणतात. शब्द फ्रेंच, मूळ अर्थ बाईच्या झग्याचा छातीचा भाग, आणि तिथे लावायचा गुच्छ म्हणून पुढे गुच्छालाच ते नाव पडलं. अमेरिकेत शाळेच्या निरोपाच्या नृत्याला मुलगा मुलीच्या मनगटावर असा गुच्छ बांधतो. जागेच्या हिशोबाने पाहिलं तर अमरकोशातल्या वैकक्षिकाच्या हा जवळपास येतो. पण घडणीत दोघांची तोंडं दोन दिशांना आहेत. कॉर्साज करताना फुलाचा देठ कापून टाकतात, देठाच्या जागी बारीक तार घालतात, तिच्यावर हिरवी चिकटपट्टी गुंडाळतात आणि सगळं टाचणीने कापडाला टाचतात. म्हणजे फुलाचं मूळ हाड काढून लोखंडी हाड बसवायचं. आपल्याकडे जे काही उभं राहतं ते फुलाच्या स्वतःच्या देठावर आणि नळीवर. अबोलीची लांब नळी, पारिजातकाची शेंदरी दांडी, बकुळीच्या मधलं आयतं भोक, मोगऱ्याचा आखूड पण चिवट देठ. यांतलं एकही नसेल तर ते फूल माळण्याच्या यादीतून बाहेर पडतं. जास्वंद इतकी सुंदर, पण गजऱ्यात नाही. दुसरा फरक आधाराचा. त्यांचं फूल कापडाला लागतं, आपलं केसांना. आणि लांब केसांइतका चांगला आधार कापडाला कधी व्हायचा नाही.

मनगटावरचं फूल मात्र आपल्याला अनोळखी नाही. फक्त ते पुरुषाच्या मनगटावर असे. फडावर, बैठकीत, हैदराबादी वळणाच्या मैफलीत बसलेला रसिक, कानात अत्तराचा फाया, हाताला गुंडाळलेला मोगऱ्याचा गजरा. निजामी मुलखात हे चित्र कुणाला समजावून सांगावं लागत नसे. त्या गजऱ्याला जरा बदनामी चिकटली, आणि म्हणून की काय, सभ्य घरांतल्या पुरुषांनी फुलांशी सगळा संबंधच तोडला. आज मराठवाड्यातल्या पुरुषाच्या अंगावर फूल येतं ते एक तर लग्नात मुंडावळ्यांतून, नाहीतर सत्काराच्या हारातून, आणि तो हारही तो गळ्यात पडल्या पडल्या काढून हातात घेतो. फेट्यात तुरा खोचायची पद्धत गावच्या वयस्कांबरोबर निघून चालली. या विषयावर कुणी तरुणाने काम केलं तर मला फार आनंद होईल. बायकांच्या फुलांवर आम्ही बोलतोच आहोत.

आता दोरा.

माहेरी आजी सुताचा दोरा कधी कोरडा वापरत नसे. आधी पाण्यात भिजवायचा, मग पिळून मांडीवर एकदा वळायचा. कोरडा दोरा देठातलं पाणी पितो, असं ती म्हणे, आणि त्यात शास्त्राच्या विरुद्ध काही नाही. त्याहून चांगलं केळीचं सोपट. खोडावरची वाळकी सालटी काढून पाण्यात टाकायची आणि नखाने उभी चिरत जायची. हाताला येतील तितक्या बारीक पट्ट्या निघतात. सोपट स्वतः ओल धरतं, चपटं असल्यामुळे देठाला कापत नाही, आणि आवळल्यावर सैल पडत नाही. ज्यांच्या परसात केळ नाही ते तोरणाला आणि जाड हाराला अंबाडीचा वाख घेत. आमच्याकडे अंबाडी भाजीसाठी पेरायची आणि पुढे तिची वाढलेली ताटं पाण्यात कुजवून त्यांचा वाख काढायचा. एका पिकात भाकरीबरोबरची भाजीही झाली आणि दावणीचा दोरही. आताचा नायलॉनचा दोरा मला चालत नाही. तो दिसत नाही म्हणून लोकांना आवडतो. पण तो सुरीसारखा आहे, जरा ओढलं की कळी धडावेगळी.

गाठ अशी. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं आणि दुसरं डाव्या हाताच्या बोटांवर गुंडाळायचं, म्हणजे मध्ये दोरा ताठ राहतो. त्यावर दोन कळ्या, तोंडं उजवीकडे. त्यांच्यावर दोन कळ्या, तोंडं डावीकडे. देठ मध्यावर एकमेकांवर आडवे. दोऱ्याचा एक वेढा त्या चार देठांभोवती. मग उजव्या हाताच्या बोटांवर दोऱ्याचा फास करून तो देठांवर चढवायचा आणि हलके ओढायचा. झालं एक घर. पुढचं घर त्याला चिकटून. चिकटून किती, यात सगळं कसब. लांब ठेवलं तर गजरा विरळ, जवळ घेतलं तर उमलताना कळ्या एकमेकींना ढकलतात आणि गाठी सुटतात. कळी संध्याकाळी फुगणार आहे हे दुपारी गुंफतानाच हिशोबात धरावं लागतं. मी पहिल्यांदा शिकत होते तेव्हा आजी अंगणातून बघून ओरडली, “किती ओढूलालीस गं माय! मरंल ना ती.” तिला देठ तुटल्याचा आवाज ऐकू आला होता, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, माझ्या खांद्यावरून तिला कळलं असणार.

कर्नाटकात आणि तेलंगणात गजरा हाताच्या मापाने विकतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक माप, कानडीत मोळ, तेलुगूत मूर. आपल्या बाजारात तो नगाने मिळतो. हा फरक मला फार बोलका वाटतो. हातावर मोजायचं तर फुलांची रास पुढ्यात हवी. तमिळनाडूतल्या मदुराईच्या मल्लीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे मळेच्या मळे मोगऱ्याचे. तिकडची गाठ दाट आणि भराभर चालणारी आहे, कारण तिला संपवायचं असतं. आमच्या गाठीला पुरवायचं असतं. घरांमधलं अंतर, मध्ये घातलेला मरवा किंवा दवणा, एका बाजूला कळी आणि दुसऱ्या बाजूला पान अशी पाळी, बाहेर दिसेल तिकडे फूल आणि मानेकडे पाला. या सगळ्या युक्त्या टंचाईतून आलेल्या आहेत.

इथे एका मोठ्या अभ्यासकाशी थोडं भांडायला हवं. केंब्रिजचे मानववंशशास्त्रज्ञ जॅक गुडी यांचं ‘द कल्चर ऑफ फ्लॉवर्स’ हे १९९३ सालचं पुस्तक या विषयात शिरणाऱ्याने वाचलंच पाहिजे. आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत फुलांचा वापर इतका कमी का, या प्रश्नापासून ते निघतात आणि भारतातल्या हारांना त्यांनी एक प्रकरण दिलं आहे. त्यांचं म्हणणं साधारण असं की सघन शेती, शिल्लक उत्पन्न आणि वरखाली थर असलेला समाज असेल तिथे फुलांची संस्कृती बहरते. देवळं, दरबार आणि बाजार यांपुरतं हे मला पटतं. भांडी घासायच्या दगडाशेजारच्या झाडाला ते लागू पडत नाही. तिथे शिल्लक होती ती फक्त सांडपाण्याची.

फुलांचं घड्याळ सांगायला हवं, कारण गुंफणारीचा दिवस त्यावर चालतो. मोगऱ्याची जी कळी आज रात्री उमलणार ती दुपारी हिरवट झाक टाकून पांढरीशुभ्र होते आणि फुगते, तीच तोडायची. हिरवी तोडली तर ती तशीच राहते. मोगऱ्याचं एक वैशिष्ट्य असं की तोडल्यावरही त्याचं गंध तयार करणं चालू राहतं. फ्रान्समधल्या ग्रास गावचे अत्तरवाले मोगऱ्याचं भावंड असलेल्या चमेलीची आणि आपल्या गुलछडीची फुलं चरबीच्या थरावर पसरून ठेवत ती याचसाठी; तोडलेलं फूल पुढे कितीतरी तास सुगंध सोडत राही. गुलाबाला ते जमत नाही, त्याला उकळावं लागतं. आपल्या बाईने हे चरबीविना केलं, केसांच्या तेलावर. रात्री काढून ठेवलेल्या गजऱ्याचा वास सकाळी वेणीला येतो तो असा.

जुई बारीक, तिचा गजरा करायला चष्मा लागतो आणि दुपट फुलं. कुंदा थंडीत येतो, वास जवळजवळ नाही, पण पांढरा रंग फार निर्मळ. अबोलीला मुळीच वास नसतो. ती कणसावर खालून वर उमलत जाते, रोज थोडी, आणि गुंफल्यावर दुसऱ्या दिवशीही ताठ असते, म्हणून मराठवाड्यात मोगऱ्याच्या अडीअडचणीला तीच धावून येते. सोनचाफ्याला बोटाची ऊब सोसत नाही, पाकळ्या तपकिरी पडतात. त्याला गुंफू नये, एकटाच खोवावा. पारिजातक पहाटे आपणहून खाली पडतो आणि जमिनीवरचं फूल देवाला चालत नाही हा नियम त्याच्यापुरता आपण मोडतो. त्याच्या शेंदरी दांडीत जो रंग आहे त्याचं केशराच्या रंगाशी जवळचं नातं. पूर्वी त्यात कापडही रंगवत. आणि बकुळ वाळली तरी दरवळते. माझ्या लग्नातली बकुळीची एक सरी अजून शालूच्या घडीत आहे. काळी पडली आहे, पण पेटी उघडली की तीच आधी भेटते.

‘फुलांची वाडी’ हा या विद्येतला सगळ्यात अवघड पेपर. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला गर्भारणीला फुलांचे दागिने घालतात : बाजूबंद, वाक्या, कंबरपट्टा, बिंदी, कानातली, गळ्यातला हार, हातात फुलांचं धनुष्यबाण. हल्ली हे सगळं तयार डब्यात येतं, बरंचसं कागदाचं किंवा स्पंजाचं, आणि डोहाळजेवण झालं की भाड्याने परतही जातं. घरी करायचं तर आदल्या संध्याकाळपासून शेजारपाजारच्या अंगणांत फिरून फुलं गोळा करावी लागत. कुणाकडची तगर, कुणाकडची शेवंती, कुणी तीन गुलाब द्यायचं आणि तीनदा सांगायचं. जुन्या मऊ पातळाची दोन बोटं रुंद पट्टी फाडायची, तिच्यावर तगरीच्या कळ्या आडव्या रांगेत, देठ एकाखाली एक लपवत टाक्याने बसवायच्या, कडेला अबोलीची गोट, मध्ये एक गुलाबाची कळी, टोकांना बांधायला बंद. मनगटावर हा पट्टा बसला की कुठल्याही देशाच्या कॉर्साजने त्याच्यापुढे मान खाली घालावी. तगर यासाठी उत्तम. कळी चिकाची असली तरी आकाराने एकसारखी आणि दुपारभर मिटलेली राहते. शिवणाऱ्या बायका गर्भारणीचं मनगट मापत नाहीत. ‘अंगावर थोडी सूज आली असेल’ म्हणून बंद लांब ठेवतात. हे कुठे लिहिलेलं नाही.

नांदेड-लातूरचीच निवड का केली हेही सांगते. हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तीन भाषांच्या शेजारात राहिला. देगलूर, बिलोली, धर्माबादकडून तेलुगू येते, उदगीर-निलंग्याकडून कानडी, आणि दखनी उर्दू सगळीकडेच. नांदेडात १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. तिथल्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या वाटेवर फुलांची जी दुकानं आहेत तिथे पंजाबहून आलेल्या भाविकासाठी मराठी हात हार बांधतात. लातूरला १९१७ साली बांधलेल्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात आणि मधोमध देवीचं देऊळ. नवरात्रात तिथे तासभर उभं राहावं, जिल्ह्यात काय फुललंय ते कळतं. आणि पाहण्यासारखं सर्वांत मोठं कौतुक नवरात्रातलंच आहे. शेताच्या बांधावर फुकट फुलणारा पिवळा तरवड आमच्याकडे घटावर रोज चढणाऱ्या माळेत जातो, कारळ्याच्या फुलांच्या जोडीने. तोच तरवड तेलंगणात तंगेडू. त्याच दिवसांत तिकडे बतुकम्मा असते आणि तंगेडू, कुरडू, झेंडू यांचे गोल थर एकावर एक रचून फुलांचा मनोरा करतात. एकच फूल, एकच पंधरवडा, आणि मधली हद्द दोऱ्याची : अलीकडे गुंफतात, पलीकडे रचतात. धर्माबादकडच्या तेलुगू घरांत मी एका छपराखाली दोन्ही पाहिलं आहे, आणि त्यांना त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

परंपरेविषयी फार छाती फुगवू नये म्हणून एवढंच : दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा, गुलछडीही तिथलीच, दोन्ही पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे आली, महालक्ष्म्यांच्या वेणीतली शेवंती चीनच्या बाजूची. आपल्या म्हणून जी फुलं आपण परदेशस्थ नातवंडांना दाखवतो त्यांतली बरीचशी स्वतःच परदेशी आहेत. गाठ इथली आहे.

फुलं कुणी गुंफायची आणि कुणी माळायची, हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. देवळाला बेल-फूल पुरवणं गुरवाचं, मळा माळ्याचा, बाजारात बांधणं फुलाऱ्याचं; ‘फुलारी’ हे आडनाव लातूर-सोलापूर पट्ट्यात आजही भेटतं. गोऱ्हे हे मूळ आडनाव असलेल्या एका माळी कुटुंबाने पेशव्यांना फुलं पुरवली आणि ते ‘फुले’ झाले. त्याच घरात १८२७ साली जोतीराव जन्मले. हाताखालचं काम म्हणून ज्याकडे पाहिलं गेलं त्याचं नाव एका घराण्याने असं मिरवलं. दुसरी गोष्ट जास्त कडू. गजरा सौभाग्याचा मानला गेला, म्हणून नवरा गेला की बाईच्या डोक्यातून फूल गेलं. माझ्या आजीने उभ्या जन्मात जितके गजरे गुंफले तितके मी कुणाला गुंफताना पाहिले नाहीत, आणि त्यांतला एकही तिने माळल्याचं मला आठवत नाही. मी जन्मायच्या आधीच आजोबा गेले होते. तिची बोटं चालत होती आणि डोकं मोकळं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठरावाने अंबाड्यात फूल खोवलं जातं का, हे अजून घराघरात पाहायचं आहे. या क्षेत्रात येणाऱ्याने गाठींबरोबर मोकळ्या डोक्यांचीही नोंद ठेवावी, ही विनंती.

कामं पुष्कळ पडली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली ५२ गावं नव्या जागी वसली. जुनी गावं दाटीची, माळवदाची, भिंतीला भिंत. नवी गावं आखीव, प्रत्येकाला मोकळी जागा. त्या जागांत कोणती झाडं लागली, जुन्या घरच्या कोणत्या फुलाची फांदी कुणी आठवणीने आणून रोवली, कुणी मुद्दाम रोवली नाही? हे विचारायला जावं, पण बेताने. पहिल्या भेटीत वही काढू नये. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात माहेरी सांडपाण्याची एक बादली होती आणि दावेदार दोन, कढीपत्ता आणि मोगरा. कढीपत्ता जिंकला. अशी किती झाडं त्या वर्षी गेली आणि त्यांच्याबरोबर किती घरांतली दुपारची बैठक मोडली, हे कुठल्याही टँकरच्या नोंदवहीत सापडणार नाही. विचारलं तर बायका सांगतात, झाडाच्या वयासकट.

पुढची पानं कशी वाचावी याचा नियम नाही. प्रत्येक प्रकरणात एक फूल आणि त्याची एक गाठ आहे. चित्रं पाहून जमत नसेल तर शेजारच्या वयस्क बाईकडे जावं, तिला पुस्तक दाखवावं, ती ते चुकीचं आहे असं म्हणून स्वतःचं करून दाखवेल. तेच हवं आहे. पहिल्या प्रयत्नाला मोगरा वाया घालवू नका. तगरीच्या कळ्या घ्या, त्या सोसतात. दोरा आधी भिजत घाला. पायाच्या अंगठ्याला अडकवताना कुणी हसलं तर हसू द्या. गजरा झाला की ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवा, पळसाचं पान मिळालं तर फडक्याच्या आत ते. आणि दिवेलागणीला उघडा.

हे लिहितेय तेव्हा चार वाजून गेले आहेत. आमच्या झाडावर आज सात आहेत, आणि एक हिरवीच आहे, ती उद्याची.